'पेक्षा'चा प्रश्न: मुलांना तुलनेचे शोधप्रश्न लिहायला कसं शिकवायचं?

आज समोर शिक्षक मंडळी जास्त दिसतायत, काही पालकही आहेत. विषय तसा लहान आहे. सांख्यिकीच्या एखाद्या शोधात मुलं दोन गटांची तुलना करतात, तेव्हा सुरुवातीला एक प्रश्न लिहितात. तो चांगला कसा लिहायचा आणि तो लिहायला आपण त्यांना कसं शिकवायचं, एवढंच आज बोलायचं आहे. एका वाक्यासाठी एक तास म्हणजे जास्तच झालं, असं वाटेल. पण आमचा अनुभव असा आहे की या एका वाक्यात गडबड झाली, की पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही हाती काही लागत नाही. कधी कधी तर चुकीचंच काहीतरी हाती लागतं, आणि ते जन्मभर डोक्यात राहतं.

आकडे आहेत, प्रश्न कुठे आहे?

आपलं दहावीचं गणित भाग १ चं पुस्तक घ्या. त्यातलं सांख्यिकीचं प्रकरण उघडा. मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वारंवारता बहुभुज, वृत्तालेख, सगळं आहे. बहुतेक उदाहरणांत वारंवारता सारणी तयार दिलेली असते आणि खाली लिहिलेलं असतं, 'मध्य काढा'. मुलं काढतात, गुण मिळवतात. पण हा मध्य कोणाला हवा होता, कशासाठी हवा होता, हे कोणी विचारत नाही. म्हणजे प्रश्न नेहमी दुसऱ्यानं विचारलेला आणि मुलांकडे फक्त उत्तर. खरा शोध मात्र प्रश्नापासून सुरू होतो.

ख्रिस वाइल्ड आणि मॅक्सीन फॅनकुक या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये सांख्यिकी विचार कसा चालतो यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी पाच टप्प्यांचं चक्र वापरलं: समस्या, आखणी, सामग्री, विश्लेषण, निष्कर्ष. न्यूझीलंडच्या शाळांमध्ये आज हे चक्र सर्रास शिकवतात. तिथल्या २००७ च्या अभ्यासक्रमात विषयाचं नावच 'गणित आणि सांख्यिकी' असं आहे. 'सेन्सस ॲट स्कूल' नावाचा एक उपक्रम आहे. तो ब्रिटनमध्ये २००० मध्ये सुरू झाला आणि न्यूझीलंडमध्ये २००३ मध्ये आला. मुलं स्वतःबद्दलची माहिती नाव न देता भरतात: उंची, दप्तराचं वजन, शाळेत कसे येतो, असं बरंच काही. मग त्याच माहितीवर देशभरातले वर्ग शोध घेतात.

ही सगळी माहिती हातात आल्यावर तिथल्या शिक्षकांना एक अडचण दिसली. मुलांना प्रश्नच नीट लिहिता येत नव्हते. पिप अर्नोल्ड यांनी याच विषयावर ऑकलंड विद्यापीठात पीएच.डी. केली. चांगल्या शोधप्रश्नाच्या त्यांनी सांगितलेल्या कसोट्या आपल्या भाषेत अशा सांगता येतील. काय मोजलंय ते स्पष्ट हवं. कोणाबद्दल बोलतोय ते स्पष्ट हवं. हेतू स्पष्ट हवा, म्हणजे एकाच गटाचं वर्णन करायचंय, दोन गटांची तुलना करायचीय, की दोन गोष्टींचा संबंध बघायचाय. हातातल्या सामग्रीतून उत्तर मिळण्यासारखं हवं. प्रश्न विचारण्याच्या लायकीचा हवा. आणि शेवटची कसोटी: प्रश्न संपूर्ण गटाबद्दल हवा, गटातल्या एखाद्या व्यक्तीबद्दल नको. ही शेवटची ऐकायला सर्वांत सोपी आहे आणि वर्गात सर्वांत अवघड जाते. आजचं बरंचसं बोलणं तिच्याभोवतीच आहे.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

आधी भाषेचा एक गुंता सोडवू. 'प्रश्न' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. 'काल तू घरकामाला किती मिनिटं दिलीस?' हा प्रश्न आपण एका मुलीला विचारतो, ती उत्तर देते, 'पाऊण तास.' हा प्रश्नावलीतला प्रश्न. तो सामग्री गोळा करतो. 'आमच्या नववीच्या मुली मुलग्यांपेक्षा सहसा जास्त वेळ घरकाम करतात का?' हा प्रश्न कुणा एकीला विचारून उपयोग नाही. तो आपण सामग्रीला विचारतो. याला आम्ही शोधप्रश्न म्हणतो.

वर्गात 'एक प्रश्न लिहा' एवढंच सांगितलं, तर बहुतेक मुलं पहिल्या प्रकारचा लिहितात, कारण त्यांच्या लेखी प्रश्न म्हणजे कुणाला तरी विचारायची गोष्ट. त्यात त्यांची चूक नाही. म्हणून आम्ही मुलांना एक साधी खूण देतो: तुझ्या प्रश्नाचं उत्तर एकटी व्यक्ती देऊ शकते का? देऊ शकत असेल, तर तो प्रश्नावलीत टाक. सगळ्यांची उत्तरं एकत्र मांडल्याशिवाय उत्तर मिळत नसेल, तर तो शोधप्रश्न.

दुसरा गुंता खास मराठीचा आहे. 'मुलं' म्हणजे कोण? 'मुलं शाळेत गेली' म्हणताना त्यात मुलीही येतात. 'मुलं आणि मुली' म्हणताना मुलं म्हणजे फक्त मुलगे. बोलताना आपण संदर्भानं समजून घेतो, पण शोधप्रश्नात हे चालत नाही. 'मुलांची उंची मुलींपेक्षा जास्त असते का?' यात एक गट दुसऱ्या गटाच्या पोटात बसलेला असू शकतो. म्हणून तुलनेच्या प्रश्नात 'मुलगे' आणि 'मुली' असं लिहायचं. आज आम्हीही तसंच बोलणार आहोत. 'मुलं' म्हटलं की सगळी.

एक प्रश्न, सहा पायऱ्या

आता घरकामाचाच विषय धरू. नववीच्या वर्गाला सांगितलं, 'घरकामाबद्दल तुलनेचा प्रश्न लिहा', तर कशा प्रकारचे प्रश्न येतात ते बघू. प्रत्येकात काहीतरी चांगलं असतं, आणि काहीतरी राहून गेलेलं असतं.

पहिला: 'जास्त काम कोण करतं?' जिज्ञासा आहे. पण कोणाकोणात? कसलं काम? जास्त म्हणजे वेळानं, की कष्टानं?

दुसरा: 'मुली जास्त काम करतात का?' एक गट आला. 'पेक्षा' आलं नाही. आपल्या भाषेत दुसरा गट न सांगता 'जास्त' म्हणता येतं, ऐकणारा तो मनात भरून घेतो. पण एक जण मुलगे भरेल, दुसरा आई भरेल, तिसरी गेल्या वर्षीच्या मुली भरेल.

तिसरा: 'मुली मुलग्यांपेक्षा जास्त का काम करतात?' इथे 'पेक्षा' आलं, पण 'का' चुकीच्या जागी बसलं. वाक्याच्या शेवटी 'का' असलं तर ते हो-नाही विचारतं, मध्ये आलं तर कारण विचारतं. कारण विचारताना आपण उत्तर आधीच गृहीत धरलं. आणि मिनिटांचे आकडे कारण सांगत नाहीत.

चौथा: 'मुली आणि मुलगे यांच्या घरकामाच्या वेळेत फरक आहे का?' हा दिसायला चांगला आहे, पुस्तकी वाटतो. पण कुठल्याही दोन गटांत थोडाफार फरक असतोच. दोन्हीकडचा मध्य अगदी दशांशापर्यंत सारखा येणं दुर्मीळ. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर मोजण्याआधीच 'हो' आहे. दिशा सांगितली की प्रश्नाला धार येते, आणि तो चुकीचा ठरण्याची शक्यताही तयार होते. ती शक्यता असली पाहिजे.

पाचवा: 'सगळ्या मुली सगळ्या मुलग्यांपेक्षा जास्त काम करतात का?' दिशा आली, दोन्ही गट आले. पण एका मुलग्यानं हात वर केला, 'बाई, मी रोज दोन तास करतो', की शोध संपला. उत्तर 'नाही', आणि शिकलो काहीच नाही.

सहावा: 'आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलींनी काल घरकामाला दिलेला वेळ, मिनिटांत, नववीच्या मुलग्यांनी दिलेल्या वेळेपेक्षा सहसा जास्त आहे का?'

वाक्य लांब झालं, बोलताना कुणी असं बोलत नाही. पण त्यातला एकेक शब्द काढून बघा, काय सांडतं ते कळेल. 'आमच्या शाळेतल्या नववीच्या' काढलं, तर कोणाबद्दल ते गेलं. 'काल' काढलं, तर मुलं आपापल्या मनानं आठवडा, महिना, सुट्टीचा दिवस मोजतील. 'मिनिटांत' काढलं, तर भांडी घासणं आणि पाणी भरणं यात जड काय, यावर भांडण. 'सहसा' काढलं, तर पुन्हा पाचव्या पायरीवर.

'सहसा' म्हणजे नक्की काय?

हे आकड्यांवर दाखवू. पुढचे आकडे शिकवण्यासाठी आम्हीच बनवलेले आहेत, कुठल्या शाळेचे नाहीत. समजा एका वर्गात बारा मुली आणि बारा मुलगे आहेत. काल घरकामाला दिलेली मिनिटं, चढत्या क्रमानं:

मुली: १०, २०, ३०, ३०, ४५, ६०, ६०, ७५, ९०, ९०, १२०, १५०

मुलगे: ०, ०, ०, १०, १०, २०, २०, ३०, ३०, ४५, ६०, १३५

फळ्यावर एक आडवी रेघ काढा, शून्यापासून १५० पर्यंत. वर मुलींचे ठिपके, खाली मुलग्यांचे. आधी काहीच मोजायचं नाही, नुसतं बघायचं. मुलग्यांचे ठिपके डावीकडे गोळा झालेत, मुलींचे उजवीकडे पसरलेत. पण दोन्ही रांगा एकमेकींवर येतात. १३५ मिनिटं काम करणारा मुलगा बारापैकी अकरा मुलींच्या पुढे आहे. १० मिनिटं देणारी मुलगी सात मुलग्यांच्या मागे आहे. ही दोन्ही माणसं खरी आहेत, त्यांना पुसून टाकायचं नाही.

आता मोजू. मुलींचा मध्यक ६०, मुलग्यांचा २०. मुलींचा मध्य ६५, मुलग्यांचा ३०. मुलग्यांचा मध्य मध्यकापेक्षा वर का गेला? त्या १३५ मुळे. तो एक आकडा बाजूला ठेवला, तर उरलेल्या अकरा जणांचा मध्य साधारण साडेवीस येतो. आणखी एक बघा: २० मिनिटांपेक्षा जास्त काम करणाऱ्या मुली बारापैकी दहा, मुलगे बारापैकी पाच.

आता मधले निम्मे बघू, म्हणजे खालचे तीन आणि वरचे तीन सोडून उरलेले सहा. मुलींमध्ये हा मधला पट्टा ३० ते ९०. मुलग्यांमध्ये ५ ते साडेसदतीस. मुलग्यांचा मध्यक, २०, मुलींच्या पट्ट्याच्या बाहेर डावीकडे पडतो. मुलींचा मध्यक, ६०, मुलग्यांच्या पट्ट्याच्या बाहेर उजवीकडे. हेच ते 'सहसा'. काही मुलगे काही मुलींपेक्षा जास्त काम करतात, तरीही गट म्हणून मुलींचा वेळ उजवीकडे सरकलेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि 'सहसा' हा शब्द दोन्हींना जागा देतो.

न्यूझीलंडच्या वर्गांत यासाठी एक ढोबळ नियम शिकवतात. यदृच्छेनं निवडलेला नमुना असेल, प्रत्येक गटात वीस ते चाळीस जण असतील, आणि एका गटाचा मध्यक दुसऱ्या गटाच्या मधल्या पट्ट्याच्या बाहेर पडत असेल, तर ज्या समष्टीतून नमुना घेतला तिथेही त्याच दिशेचा फरक आहे असं म्हणायला हरकत नाही. आपल्या उदाहरणात गट बाराचेच आहेत आणि निवडलेलेही नाहीत, वर्गात जे होते ते घेतले. म्हणून आपलं उत्तर या वर्गापुरतंच. 'महाराष्ट्रातल्या मुली' असं यावरून म्हणता येणार नाही. प्रश्नातच 'आमच्या शाळेतल्या' लिहिलेलं असलं, की मुलांचा पाय आपोआप तिथेच थांबतो.

मोठ्यांच्या सर्वेक्षणातही तोच प्रश्न

कुणी म्हणेल, हे शाळेतले बारकावे झाले. तर आपल्या देशाच्या पातळीवरचं उदाहरण घेऊ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. सहा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला आदल्या दिवशी पहाटे ४ पासून पुढच्या २४ तासांत काय काय केलं ते विचारलं. त्यातला एक आकडा बराच छापून आला: घरातल्या माणसांसाठी बिनमोबदल्याचं घरकाम स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं करतात, पुरुष ९७ मिनिटं.

हा आकडा आम्ही वर्गात देतो आणि विचारतो, 'कोणाबद्दल आहे हा?' मुलं म्हणतात, 'सगळ्या बायका आणि सगळे पुरुष.' तसं नाही. हे सरासरी मिनिटं त्यांचेच आहेत, ज्यांनी त्या दिवशी थोडं तरी घरकाम केलं. असे पुरुष शंभरात २६.१, अशा स्त्रिया शंभरात ८१.२. उरलेले शून्यवाले या सरासरीत नाहीतच. त्यांना धरून गुणाकार करा: पुरुषांचे साधारण २५ मिनिटं होतात, स्त्रियांचे साधारण २४३. आधीच्या आकड्यांत स्त्रियांचं काम पुरुषांच्या तिप्पट दिसत होतं, आता ते साडेनऊ पटींच्या वर गेलं.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न दोन आहेत. 'जे घरकाम करतात, त्यांच्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा सहसा जास्त वेळ देतात का?' हा एक. 'सगळ्या माणसांत' असा दुसरा. आपल्या फळ्यावरही तेच झालं असतं. तीन शून्यवाले मुलगे वगळले, तर मुलग्यांचा मध्य ३० वरून ४० वर जातो आणि मध्यक २० वरून ३० वर. एकही खोटा आकडा न वापरता.

आणखी एक. या सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात पाणी भरून आणणं, सरपण गोळा करणं हे घरकामात येत नाही. ते 'स्वतःच्या वापरासाठी वस्तू निर्माण करणं' या वेगळ्या वर्गात येतं. लहान भावंडाला सांभाळणंही वेगळ्या वर्गात. आपल्या वर्गात मुलगा विचारतो, 'सर, मी शेतात मोटर चालू करायला जातो, ते घरकाम धरायचं का?' मुलगी विचारते, 'बाळाला खेळवणं धरायचं का?' उत्तर काहीही ठरवा, पण मोजायच्या आधी ठरवा आणि प्रश्नाखाली लिहून ठेवा. आकडे बघून मग ठरवलं, तर आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत माणूस व्याख्या बदलत राहतो.

काय मोजायचं हे बदललं, की तुलनेची दिशासुद्धा उलटू शकते. दप्तराचं घ्या. नववीतल्या मुलाचं वजन ४५ किलो, दप्तर साडेचार किलो. पाचवीतल्याचं वजन ३० किलो, दप्तर ३ किलो ६०० ग्रॅम. किलोत विचारलं तर नववीचं दप्तर जड. शरीराच्या वजनाशी तुलना केली तर नववीचं १० टक्के, पाचवीचं १२ टक्के, म्हणजे पाचवीचं जड. २०२० च्या दप्तर धोरणातली मर्यादा शरीराच्या वजनाच्या १० टक्के आहे. तेव्हा धोरण पाळलं जातंय का हे बघायचं असेल, तर किलोतला प्रश्न आपल्याला भलतीकडेच नेईल.

वर्गात काय करायचं?

आता शिक्षकांसाठी कामाच्या गोष्टी.

पहिली: सामग्री आधी हातात द्या. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती एका चिठ्ठीवर, नाव न लिहिता: मुलगी की मुलगा, इयत्ता, घरकामाची मिनिटं, झोपेचे तास, शाळेत यायला लागणारा वेळ. मुलं चिठ्ठ्या बाकावर पसरतात, गट पाडतात, रांगा लावतात. पंधरा मिनिटांत त्यांच्या तोंडून आपोआप 'अरे, हे बघ, यांचं जास्त दिसतंय' असं येतं. शोधप्रश्नाचं बी तेच.

दुसरी: तयार साचा पहिल्याच दिवशी देऊ नका. 'अमुकांची तमुक गोष्ट ढमुकांपेक्षा सहसा जास्त आहे का?' असा साचा दिला, की मुलं रिकाम्या जागा भरतात. मग 'मुलींचा आवडता रंग मुलग्यांच्या आवडत्या रंगापेक्षा सहसा जास्त आहे का?' असलं वाक्य तयार होतं. 'सहसा जास्त' हे मोजलेल्या गोष्टीला चालतं. रंग, वाहन, आवडता खेळ अशा ठिकाणी प्रमाण विचारायचं: 'सायकलनं येणाऱ्यांचं प्रमाण आठवीपेक्षा नववीत जास्त आहे का?'

तिसरी: बरेवाईट दहा-बारा प्रश्न कागदाच्या पट्ट्यांवर लिहून द्या. मुलांनी जोडीनं त्यांचे तीन ढीग करायचे: चालेल, दुरुस्त करून चालेल, चालणार नाही. वाद होऊ द्या. प्रत्येक 'चालणार नाही'ला कारण लिहायला लावा. कारणांची यादी फळ्यावर चढली, की कसोट्या मुलांनीच तयार केलेल्या असतात आणि आपल्या कसोट्या त्यांना पाठ कराव्या लागत नाहीत.

चौथी: प्रश्न लिहून झाला की सामग्री बघायच्या आधी अंदाजाचा आलेख काढायला सांगा. दोन आडव्या रेघा, त्यावर आपल्याला वाटतं तसे ठिपके. ज्याला आलेख काढता येत नाही, त्याच्या प्रश्नात काहीतरी राहिलंय. जो दोन वेगवेगळे ढीग काढतो, एकही ठिपका एकमेकांवर न येऊ देता, त्याच्या डोक्यात अजून 'सगळे' आहे, 'सहसा' आलेलं नाही. हा कागद तुम्हाला त्याच्या तोंडी उत्तरापेक्षा जास्त सांगेल.

पाचवी: विचारा, 'हे उत्तर कोणाला हवंय?' नववीच्या मुलींचा संध्याकाळचा तासभर घरकामात जात असेल, तर गृहपाठ किती द्यायचा, जादा तास सकाळी सातला ठेवायचा का, यावर शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचार करावा लागेल. अशा प्रश्नाला मुलं जीव लावतात. 'आमच्या वर्गात उंच कोण' याला एक तास जीव लावतात, दुसऱ्या दिवशी विसरतात.

आणि सहावी, जपून करायची गोष्ट: घरकाम, पैसे, जेवण, जात अशा विषयांत कुठली चिठ्ठी कोणाची हे वर्गाला कळता कामा नये. लहान वर्ग असेल तर १३५ मिनिटंवाला लगेच ओळखू येतो. शेजारच्या दोन-तीन तुकड्यांच्या चिठ्ठ्या एकत्र करा.

उत्तराचं वाक्य

शेवटी उत्तर. प्रश्न जसा लिहिला तसंच उत्तर लिहायचं, एकही शब्द न गाळता: 'या वर्गातल्या मुलींनी काल घरकामाला दिलेला वेळ मुलग्यांनी दिलेल्या वेळेपेक्षा सहसा जास्त आहे. मुलींचा मध्यक ६० मिनिटं, मुलग्यांचा २०. दोन्ही गट एकमेकांवर येतात. एका मुलग्यानं १३५ मिनिटं काम केलं.' हे वाक्य कंटाळवाणं आहे. त्याऐवजी लोकांना लक्षात राहतं ते 'मुली घरकाम करतात, मुलगे करत नाहीत.' आणि तिथून एक पाऊल पुढे, 'घरकाम हे मुलींचंच.' मोजमाप कुठल्या वाक्यात संपलं आणि समजूत कुठे सुरू झाली, हे मुलांना दाखवता आलं पाहिजे. 'अमुक जातीचे लोक असे असतात', 'तमुक गावचे लोक तसे असतात' ही वाक्यं मुलं रोज ऐकतात. त्यांत गट असतो, तुलना असते, पण 'सहसा' नसतं, 'कोणत्या' नसतं, आणि मोजलेलं तर काहीच नसतं. नववीत ज्यानं पाच-सहा तुलनेचे प्रश्न नीट लिहिलेत, तो अशा वाक्याला निदान एवढं तरी विचारील, 'किती जणांचं बघून म्हणताय?'

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*वर्गात साठ मुलं असतात आणि अभ्यासक्रम संपवायचा असतो. एवढा वेळ कुठून आणायचा?*

खरं आहे. आम्ही सुचवतो की वर्षातून दोनच शोध घ्या, प्रत्येकी तीन तासिकांचे. पहिली तासिका संपूर्ण प्रश्नाला, दुसरी आलेखाला आणि मध्यकाला, तिसरी उत्तराच्या वाक्याला. मध्य, मध्यक काढण्याचा सराव त्यातच होतो, म्हणजे सांख्यिकीच्या प्रकरणातला काही वेळ तिथून निघतो. साठ मुलं असणं तर फायद्याचंच: चिठ्ठ्या साठ मिळतात.

*मुलांनी 'मुलगे मुलींपेक्षा जास्त काम करतात का?' असा उलटा प्रश्न लिहिला आणि उत्तर 'नाही' आलं, तर प्रश्न चुकला का?*

अजिबात नाही. प्रश्नाची दिशा हा अंदाज असतो आणि अंदाज चुकू शकतो. फक्त एक सांभाळा: उत्तर 'नाही' आल्यावर मागे जाऊन प्रश्न बदलू द्यायचा नाही. वहीत तो तसाच राहू दे. खाली उत्तर लिहायचं, 'नाही, या वर्गात उलट दिसलं', आणि मग पुढचा नवा प्रश्न. आमच्या मते वहीतलं ते पान चांगल्यात चांगलं पान असतं, तपासताना त्यावर लाल शाई मारू नका.